दारिंकाने बोलावलं नव्हतं

आमच्याकडे स्लावाला कोणाला बोलावत नाहीत. घराण्याच्या संताचा दिवस असतो, दार उघडं असतं, ज्याला यायचं तो येतो. आलेल्याला 'का आलास' असं विचारणं म्हणजे त्याच्या तोंडावर दार आपटण्यापेक्षा वाईट. आमच्या निश शहरात माणसं कर बुडवतात, सिग्नल तोडतात, सख्ख्या भावाशी कुंपणावरून वीस-वीस वर्षं बोलत नाहीत. पण हा नियम कोणी मोडत नाही. माझ्या माहितीत तो एकदाच मोडला गेला, आणि तोही अशा गृहस्थाकडून जो त्या दिवशी सगळ्यांना नियम शिकवायला आला होता.

दारिंका माझ्या समोरच्या दारात राहते, तिसऱ्या मजल्यावर. वय चौसष्ट. एकतीस वर्षं तिने यंत्रकारखान्याच्या खानावळीत चारशे माणसांचा घेवड्याचा रस्सा ढवळला. पुढे कारखाना बंद पडला, नवरा वारला, मुलगा ट्रक चालवायला परदेशात, लिंझला गेला. अंदाज मात्र चारशे माणसांचाच राहिला. जिन्यातले लोक तिला तापट म्हणतात. मी चौतीस वर्षं शहराच्या ग्रंथालयात काढली, त्यामुळे कारण नसताना तापणारी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. दारिंकाकडे दरवेळी कारण असतं. लोकांना नेमकं तेच सहन होत नाही.

तिच्या जेवणाच्या खोलीत संत दिमित्रीची तसबीर आहे, नवऱ्याच्या पणजोबांची. शंभर वर्षांच्या मेणबत्त्यांनी ती इतकी काजळली आहे की लाल घोडा दिसतो, संत अंदाजाने ओळखायचा. दारिंका नवी नवरी म्हणून आली तेव्हा सासू तिला त्या तसबिरीवरची धूळसुद्धा पुसू देत नसे. आता सहा वर्षं ती एकटी पुसते, आणि पुसता पुसता भांडते. पेन्शनवरून, जिन्यातल्या बल्बवरून, नवऱ्याने, व्होयिस्लावने, मरायची इतकी घाई का केली त्यावरून. संत ऐकून घेतो. घोड्यालाही आता सवय झाली असावी.

या तसबिरीवर तिच्या धाकट्या दिराचा, राडिशाचा, डोळा होता. राडिशाने गावाबाहेर घर बांधलं आहे. फाटकाच्या खांबांवर सिमेंटचे दोन सिंह, दोघांच्याही चेहऱ्यावर पोट बिघडल्याचा भाव. त्याच्याकडे स्वतःची तसबीर आहे, नवी, चकचकीत. पण नव्या तसबिरीने घराणं जुनं दिसत नाही. तर गेल्या वर्षी संत दिमित्रीच्या दिवशी, दारिंकाचा मुलगा सरहद्दीवरच्या रांगेत अडकून तासभर उशिरा येणार होता, तेवढ्यात राकियाच्या, म्हणजे घरगुती फळांच्या दारूच्या, तिसऱ्या पेल्यानंतर राडिशा म्हणाला,

"वहिनी, ज्या घरात पुरुष नाही तिथे स्लावा कसली? पाव कोण फिरवणार?"

स्लावाचा गोल पाव मधोमध कापतात, त्यावर वाइन ओततात, आणि घरचं माणूस व पाहुणा मिळून तो हातात धरून फिरवतात, मग तोडतात. विधवेने तो फिरवू नये असं कुठे लिहिलंय म्हणून मी नंतर ग्रंथालयातली नऊ पुस्तकं चाळली. एकातही नाही. तसं मी राडिशाला कळवलं. तो म्हणाला, "पुस्तकात नाही म्हणजे सगळ्यांना माहीतच असणार."

पण दारिंकाने त्या दिवशी पुस्तकांची वाट पाहिली नाही. ती टेबलावर हात आपटून म्हणाली, "पुढच्या वर्षी बाराच्या ठोक्याला या टेबलाशी तुझ्याशिवाय एकही पुरुष उभा नसला ना, तर उचलून घेऊन जा तसबीर!" आठ माणसांनी ऐकलं. आठांत मी होते.

तसबीर गेली की त्या घरातली स्लावा गेली. मग दारिंका दुसऱ्यांच्या घरी पाहुणी म्हणून जाणारी बाई होणार, जिला कोपऱ्यातली खुर्ची देतात आणि 'घ्या ना, लाजताय काय' म्हणतात. सदतीस वर्षं स्वतः वाढणाऱ्या बाईला याहून मोठी शिक्षा मला सुचत नाही.

या वर्षी स्लावाच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी दुपारी लिंझहून मुलाचा फोन आला. मंजूर झालेली रजा मालकाने रद्द केली होती. मालकाच्या मते संत दिमित्री ही 'कौटुंबिक अडचण' या सदरात बसत नव्हती.

"माझ्या चुलतभावाला सांगते," मी म्हटलं. "दहा मिनिटांवर राहतो."

"काय सांगशील?"

"उद्या ये म्हणून."

"स्लावाला बोलावणं धाडशील?" दारिंकाने पोळपाटावरून अशी नजर वर केली की मी एक पाऊल मागे सरले. "सदतीस वर्षांत या घरातून कोणाला बोलावणं गेलं नाही. ते करून तसबीर राखायची, तर संताला तोंड कोणतं दाखवू? त्यापेक्षा घेऊन जाऊ दे त्या सिंहवाल्याला."

आता आमच्या इमारतीतल्या पुरुषांकडून काही आशा होती का? तळमजल्यावरच्याच्या घरी त्याच संताची स्लावा. पहिल्या मजल्यावरचा अंथरुणाला खिळलेला. चौथ्या मजल्यावरच्याशी दारिंकाचं वाळत घातलेल्या गालिच्यावरून फाटलेलं. आणि दुसऱ्या मजल्यावर माणूसच नव्हता, पेटी होती.

या पेटीबद्दल सांगायला हवं. दुसऱ्या मजल्यावरचं घर मास्तरीणबाई गेल्यावर विकलं गेलं. घेणारा बेलग्रेडमध्ये असतो म्हणे. आम्ही कोणी त्याला पाहिलेला नाही. त्याने जिन्याच्या कठड्याला एक लोखंडी पेटी टांगली, तिच्यावर आकडे. फिरस्ते येतात, फोनमध्ये बघतात, आकडे दाबतात, किल्ली काढतात, दोन दिवस राहतात, किल्ली ठेवतात, जातात. यजमान म्हणून त्या मालकाचं फार कौतुक आहे. फोनवर त्याला पाच चांदण्या मिळतात. ज्याने पाहुण्याला पाण्याचा पेला दिलेला नाही, ज्याला पाहुण्याचं तोंड ठाऊक नाही, त्याला यजमान म्हणायचं तर माझ्या दाराच्या कडीला काय म्हणायचं?

दारिंकाने सुरुवातीला राहवलं नाही म्हणून एका फ्रेंच जोडप्याला मनुक्यांचा मुरांबा आणि पाणी नेऊन दिलं होतं, पाहुण्याला देतात तसं. त्यांनी एक-एक चमचा खाल्ला, बशीखाली नोट ठेवली आणि दार लावून घेतलं. ती नोट तिने त्यांच्या दाराखालून परत आत सरकवली. त्यानंतर आठवडाभर ती कोणाशी बोलली नाही, संताशी सोडून. "त्या मजल्याशी माझा संबंध नाही," असं तिने जाहीर केलं.

शनिवारी सकाळी साडेनऊला त्या मजल्याच्या पायरीवर एक लांबच लांब मुलगा बसलेला मला दिसला. सोफियाहून रात्रीच्या बसने आला होता. बसस्थानकापासून चालत, कारण शहराच्या बसचे पैसे वाचतात. पाठपिशवीला बाहेरून एक पत्र्याचा पेला, चपलांचा जोड आणि वाळत घातलेले दोन मोजे टांगलेले. एकूण माणूस चालतं दुकान दिसत होता. मी माझ्या ग्रंथालयातल्या इंग्रजीत चौकशी केली. नाव तानेल, देश एस्टोनिया. पेटीचे आकडे मालकाने बदलले होते आणि याला सांगायला विसरला होता. मालकाचा फोन एक बाई उचलत होती, आणि ती बाई म्हणजे यंत्र होतं.

"मग तू काय करतोयस?"

"वाट बघतोय," तो म्हणाला. नव्या शहरातल्या पहिल्या दिवशी दोन तास बंद दारासमोर बसलेला माणूस, पण तक्रारीचा एक शब्द नाही. मलाच राग आला. वास्तविक ती जागा रागावण्यासाठी उत्तम होती.

मी वर धावले. "दारिंका, पुरुष! एक अख्खा पुरुष! दुसऱ्या मजल्यावर बसलाय."

"कशावर बसलाय?"

"पायरीवर."

"नोव्हेंबरात? गार सिमेंटवर?" ती किंचाळली. "मूत्रपिंडं धरतील त्याची! आई नाही का त्याला कोणी?"

"मग वर ये म्हणू?"

तिचा चेहरा कठोर झाला. "ये म्हणणं म्हणजे बोलावणं. नाही."

"अगं, त्याला कुठे कळतंय की हे बोलावणं आहे!"

"मला कळतंय ना."

तेव्हा आम्ही दार उघडं ठेवलं. ते तसंही उघडंच असतं त्या दिवशी. मग दारिंकाने सारम्याचं पातेलं दाराजवळच्या स्टुलावर आणून ठेवलं आणि झाकण बाजूला केलं. कोबीच्या पानांत गुंडाळलेला खिमा, धुरी दिलेलं मांस, रात्रभर मंद आचेवर. त्या वासाने आमच्याकडे रुसलेले जावई परत आले आहेत. आम्ही दोघी प्रौढ बायका, एक खानावळीची मुख्य आचारीण, एक वाचनविभागाची प्रमुख, पातेल्याच्या दोन्ही बाजूंना उभ्या राहून टॉवेलने वास खाली हाकत होतो. अर्धा तास. खालून काहीही हालचाल नाही. या उत्तरेकडच्या लोकांना नाकं असतात ती बहुधा फक्त थंडीसाठी.

साडेअकरा वाजता खालून 'टक्' असा आवाज आला. दारिंकाने कठड्यावरून वाकून पाहिलं आणि तिच्या तोंडून असा उद्गार निघाला जो मी लिहू शकत नाही.

त्याने माशांचा डबा उघडला होता. तेलातले सार्डिन. मांडीवर कागद, कागदावर दुकानातला पाव, आणि हा सार्डिन खात होता.

"माझ्या स्लावाच्या दिवशी," दारिंका हळू आवाजात म्हणाली, आणि ती हळू बोलते तेव्हा जिन्यातली मांजरं पळतात, "माझ्या दाराखाली, माणूस, डब्यातला मासा खातोय?"

ती खाली उतरली. मी मागे. तिने त्याच्यासमोर कमरेवर हात ठेवले आणि जे काही सुनावलं त्यातला एक शब्द त्याला कळला नाही, पण अर्थ सगळा कळला असावा, कारण तो उभा राहिला. "लाज नाही वाटत? घोड्याएवढा झालास आणि भिकाऱ्यासारखा पायरीवर बसून डबे चाटतोस? लोक काय म्हणतील? या इमारतीत कोणाची चूल पेटत नाही म्हणतील!" आणि तिने त्याच्या हातातला डबा हिसकावला आणि वर निघाली.

तानेल क्षणभर रिकाम्या हाताकडे बघत राहिला. पण काटकसरीने फिरणारा माणूस होता, डब्यात अजून दोन मासे होते. तो डब्यामागून वर आला.

हे मी मुद्दाम तपशिलाने सांगते आहे, कारण पुढे याच गोष्टीवरून वाद झाला.

दारात त्याला बूट काढायला लावले, पायांत व्होयिस्लावच्या सपाता घातल्या. टाचा अर्ध्या बाहेर. संतापुढचा गोड गहू दिला. त्याचा एकच चमचा खायची रीत आहे. त्याने वाडगा संपवला. दारिंकाने माझ्याकडे पाहिलं आणि पहिल्यांदाच त्या दिवशी तिच्या कपाळावरची एक आठी गेली. बाकीच्या होत्या तिथेच होत्या.

पावणेबाराला राडिशा आला, बायको स्लोबोदांकासह. स्लोबोदांकाच्या हातात फुलं होती, राडिशाच्या काखेत घोंगडी आणि दोन पट्टे. तसबीर गुंडाळायला. स्लावाला येताना माणसं वाइन आणतात, कॉफीचं पाकीट आणतात; हा गृहस्थ घोंगडी घेऊन आला, प्रेत न्यायला यावं तसा. ती त्याने खुर्चीवर व्यवस्थित घडी करून ठेवली, संताकडे एकवार मापं घेतल्यासारखं पाहिलं, आणि मग टेबलाच्या टोकाला सूप पिणारा सहा फुटी मुलगा त्याला दिसला.

"हा कोण?"

दारिंका पाव आणत होती. ती थांबली नाही. "पाहुणा."

"कुठला पाहुणा? का आलाय हा इथे?"

खोलीत खानावळीतल्या दोन जुन्या मैत्रिणी होत्या, मी होते, स्लोबोदांका होती. चमचे थांबले. मेणबत्तीसुद्धा थबकल्यासारखी वाटली, पण ते बहुधा वाऱ्याच्या झोतामुळे असेल. त्याला आपण काय बोलून गेलो ते कळलं नाही. त्याने आणखी एक पाऊल पुढे टाकलं.

"मी विचारतोय, याला बोलावलं कोणी? बोलावलेला असेल तर चालणार नाही. बोलावलेला तो पाहुणा नव्हे, भाड्याचा साक्षीदार!"

"कोणीही बोलावलेलं नाही," मी म्हटलं. "मी हजर होते. दारिंकाने याचा डबा हिसकावला. हा डब्यामागून आला."

"कसला डबा?"

दारिंकाने सार्डिनचा डबा आणून टेबलावर, मेणबत्तीशेजारी ठेवला. आत दोन मासे. राडिशा त्यांच्याकडे बघत राहिला. मग त्याने दुसरीकडून सुरुवात केली.

"आपल्या धर्माचा तरी आहे का?"

मी तानेलला विचारलं. तो प्रामाणिकपणे विचार करून म्हणाला, "आजी होती. मी अजून ठरवलेलं नाही." मी शब्दशः भाषांतर केलं. भाषांतरात खोटेपणा करणं मला जमत नाही, जमलं असतं तर बरं झालं असतं असं त्या क्षणी वाटलं.

"ऐकलंत?" राडिशा म्हणाला.

"भावजी," दारिंका म्हणाली. तीस-पस्तीस वर्षांत ती त्याला राडिशाच म्हणत आली. 'भावजी' ऐकून तोच दचकला. "मी गेल्या वर्षी पुरुष म्हटलं होतं. बाप्तिस्म्याचा दाखला म्हटलं नव्हतं. तुम्हाला हवा असेल तर आपण त्याची विजार उतरवून खात्री करू या, पण सूप संपल्यावर. सूप गार होतंय त्याचं."

"हा कुळाचाराचा अपमान—"

"बस खाली," कोणीतरी म्हणालं.

स्लोबोदांका. आयुष्यात तिला नवऱ्यापुढे आवाज चढवताना कोणी ऐकलं नव्हतं, आणि आताही तिने चढवला नाही. ती फुलं पाण्यात ठेवत होती. "तीस वर्षं तुझ्या टेबलाशी जो आला त्याला मी वाढलं. मीटर वाचणाऱ्याला वाढलं. तुझ्यावर दावा लावणाऱ्या वकिलालासुद्धा वाढलं, त्याने दोनदा मागून घेतलं. का आलास म्हणून एकाला विचारलं नाही. आणि तू दुसऱ्याच्या घरी, संतासमोर, जेवत्या पाहुण्याला विचारतोस? बस खाली, राडिशा. मला लाज वाटते."

तो बसला. घोंगडीवरच बसला.

घड्याळात बारा वाजले. मी तानेलला म्हटलं, "उभा राहा, हात धुऊन ये, आणि ती सांगेल ते धर." त्याने विचारलं नाही कशासाठी. दारिंकाने पाव उलटा करून आडवा-उभा कापला, वाइन ओतली, आणि दोघांनी तो चार हातांत धरून फिरवायला सुरुवात केली. दोघांच्या उंचीत हातभर फरक, त्यामुळे वाइन टेबलक्लॉथवर सांडत होती. "नीट धर की! वाकडा करतोयस, गाढवा!" ती त्याच्यावर ओरडत होती, आणि तिच्या हनुवटीवरून जे ओघळत होतं ते वाइन नव्हतं. पाव मोडला. मोठा तुकडा तिच्या हातात राहिला. भिंतीवर घोडा होता तसाच लाल, संत होता तसाच अंदाजाने.

जेवणाचं वर्णन करत नाही. तानेलने बावीस सारमे खाल्ले. त्याच्या पहिल्या दिवसाच्या यादीत इथली बघायची ठिकाणं होती, किल्ला आणि कवट्यांचा मनोरा. त्याऐवजी तो तीन वाजता कोचावर बसल्या बसल्या झोपला. राडिशा उठून गेला होता, बायकोच्या मागून. घोंगडी खुर्चीवर राहिली होती. दारिंकाने ती घेतली, झटकली आणि तानेलच्या अंगावर घातली. "लोकर चांगली आहे," ती म्हणाली. "माणूस तसा नाही, पण लोकर चांगली आहे."

सव्वाचारला पेटीच्या मालकाचा निरोप आला: नवे आकडे, आणि 'गैरसोयीबद्दल क्षमस्व'. जवळजवळ नऊ तासांनी.

आठवड्याने माझ्या उत्सुकतेपोटी पुतणीने मला फोनवर दाखवलं. तानेलने त्या घराबद्दल लिहिलं होतं: 'उत्तम जागा. नाश्ता आणि जेवण समाविष्ट. वरच्या मजल्यावरची व्यवस्थापक बाई कडक, पण स्वयंपाक उत्कृष्ट.' पाच चांदण्या. बेलग्रेडच्या त्या महाशयांनी खाली उत्तर दिलं होतं: 'धन्यवाद, पाहुण्यांची काळजी हाच आमचा धर्म.' मी ते वाचून दारिंकाला दाखवावं की नाही यावर दोन दिवस विचार केला. शेवटी दाखवलं. मला वाटलं ती कठड्यावरची पेटी उपटायला जाईल, आणि मी हातोडी देणार होते.

तिने चष्मा लावून दोनदा वाचलं. "व्यवस्थापक?" ती म्हणाली. "आणि सारम्याचं नावसुद्धा नाही घेतलं मेल्याने! बावीस खाल्ले!" त्यावर ती संध्याकाळपर्यंत संताशी बोलत होती, माझ्या दारापर्यंत ऐकू येत होतं.

घोंगडी अजून तिच्याकडेच आहे, तसबिरीखालच्या खुर्चीवर, घडी करून. राडिशाने दोनदा निरोप पाठवला, पाठवून दे म्हणून. दारिंका म्हणते, मी कशाला पाठवू? पुढच्या संत दिमित्रीला दार उघडंच असेल. बोलावणार मात्र नाही कोणी.